तुळसाताईचा डावा हात

तळा गावच्या बाजारातल्या बाकीच्या पार्लरांची नावं इंग्रजी आहेत आणि पाट्यांवर कुठल्यातरी परदेशी बाईचा फोटो आहे. आमच्या चाळीतल्या पार्लरच्या पाटीवर फोटो नाही. 'तुळसा ब्युटी पार्लर' एवढं ठळक लिहिलंय, आणि त्याखाली जरा बारीक अक्षरांत, 'गोरे करून मिळणार नाही'. पेंटर ही खालची ओळ रंगवायला तयार नव्हता. बाई, गिऱ्हाईक पळेल, म्हणाला. तुळसाताई म्हणाली, “पळू दे. पळताना तरी वाचील.”

तुळसाताई चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा बाईबद्दल लिहायला घेतलं की लोकांना वाटतं, आता ही तिची माया सांगणार, कष्ट सांगणार आणि शेवटी पदरानं डोळे पुसणार. कष्ट काय, सगळ्याच करतात. पण तिच्यासारखं चिडणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. भुवया कोरताना गिऱ्हाईक हललं की ती चिडते, दिघी बंदरावर वॉचमन असलेला तिचा नवरा कृष्णाजी सुट्टीला येऊन नुसता झोपला की चिडते, आणि डब्यावर खोटं छापलेली क्रीम हातात आली की तिच्या नाकपुड्या फुलतात. मी तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि राग माझ्याही नाकावरच असतो. म्हणूनच आमचं जमलं असावं.

तिचा डावा हात बघून नवीन माणूस दचकतं. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला डागच डाग. कुठे काळसर, कुठे गुलाबी, कुठे साल निघालेली, आणि त्यातच बॉलपेननं काढलेले गोल. कारण कुठलीही नवी क्रीम, ब्लीच, फेसपॅक आला की तो आधी तिच्या ह्या हातावर लागतो. पेनानं गोल काढायचा, आत ती वस्तू चोळायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. दोन क्रीममधली कुठली बरी हे ठरवायचं असेल तर दोन गोल शेजारी शेजारी. हात खाजला, सुजला, लाल झाला तर ती वस्तू पार्लरबाहेर. बायका चेष्टा करतात, ताई, हाताला जरा विश्रांती द्या की. ती म्हणते, “तुमच्या तोंडाला देतेय ती काय कमी हाय?”

ह्यामागचं कारण तिनं एकदाच सांगितलं. लग्नाआधी ती चेंबूरला एका पार्लरमध्ये कामाला होती. मालकिणीनं कुठूनतरी स्वस्तातलं 'हर्बल' ब्लीच आणलं आणि तुळसाताईला एका बाईच्या ओठांवर लावायला सांगितलं. ओठावरची कातडी भाजून निघाली. बाईनं आरडाओरडा केला तेव्हा मालकीण म्हणाली, ह्या पोरीनंच जास्त वेळ ठेवलं. तुळसाताईला तिथल्या तिथे काढून टाकलं. “माजा हात तवा कोरा व्हता,” ती म्हणाली. “आधी माज्या हातावर लावलं असतं तर त्या बाईचं तोंड वाचलं असतं.” मालकिणीबद्दल ती आणखीही काही म्हणाली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डब्यावरचं इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे. शाळेतून आले, चप्पल काढली, की ती डबा पुढे करते, “मास्तरीणबाय, वाचा.” मागे एकदा एक विक्रेती केशर-चंदनाची क्रीम गळ्यात मारून गेली होती. डब्यावर केशराच्या काड्यांचा हा एवढा मोठा फोटो. मी मागची यादी वाचायला लागले. ती यादी प्रमाणाच्या क्रमानं असते, जास्त ते आधी आणि नावापुरतं ते शेवटी, हे मीच तिला फोनवर बघून सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

“पहिलं काय हाय?”

“पाणी.”

“मग?”

“ग्लिसरीन. मग मेणासारखा एक पदार्थ.”

“आन् केशर?”

मी खाली खाली येत गेले. “शेवटून दुसरं. सुगंधाच्याही मागे.”

“फोटोत पुढं आन् डब्यात वासाच्याबी मागं!” ती ओरडली. मग तिनं फळीवरून साधी, पांढऱ्या डब्यातली, बिनवासाची क्रीम काढली. तीही वाचायला लावली. पाणी, ग्लिसरीन, तसलंच मेण. वास आणि केशर सोडलं तर दोघी सख्ख्या बहिणी. तिनं दोन्हींचे गोल शेजारी काढले. दुसऱ्या दिवशी साधीचा गोल होता तसाच होता आणि केशराचा गोल लाल होऊन खाजत होता, कारण तो भरमसाट वास तिच्या कातडीला सोसला नाही. ती विक्रेती पुन्हा आली तेव्हा तुळसाताईनं तिच्यापुढे हात नाचवला. ती बाई नंतर आमच्या चाळीकडे फिरकली नाही.

आता पूनमची गोष्ट. ती ह्याच वर्षीची आहे आणि ती आठवली की माझं डोकं अजून तापतं.

पूनम तळ्यापलीकडच्या एका वाडीतली, येसाजीची मुलगी. भातशेतीचं घर. मुलगी बी.कॉम. झालेली, बोलायला कमी. दिघीकडच्या गणराजशी तिचं ठरलं, साखरपुडा झाला आणि तिची आई रंगू तिला मेकअपची चाचणी करायला घेऊन आली. तुळसाताईनं तिचा चेहरा धुतला, दिवा जवळ ओढला आणि ती वाकून बघायला लागली. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकचकीत. आतून लाल शिरांचे दोरे दिसत होते. हनुवटीवर पुटकुळ्या, जबड्याच्या कडेला बारीक लव.

“आग होते?” तुळसाताईनं विचारलं.

“उन्हात गेलं की,” पूनम म्हणाली. “चुलीपाशी पण.”

रंगूला ह्यातलं काही दिसत नव्हतं. ती खुशीत होती. “कशी उजळलीय बघा की! फोटो बघूनच पसंत केली त्यांनी.” आणि तिनं पिशवीतून एक ट्यूब काढली.

ती ट्यूब गजकर्णाची होती. चेहऱ्याची नव्हेच. गेल्या पावसाळ्यात लावणी करताना दिवसभर ओल्या कपड्यांत राहून रंगूच्या मानेवर गजकर्ण उठलं होतं. इकडे लावणीत बाईमाणसाला ते होतंच. बाजारातल्या मेडिकलमधून, डॉक्टरची चिठ्ठी नाही काही नाही, ही ट्यूब आणली. गजकर्ण बसलं आणि त्याच्याभोवतीची मान फिकट झाली. रंगूनं आरशात बघितलं. तिला ती मान गोरी झालेली दिसली. “मानंला एवढं गोरं करते, तर तोंडाला का न्हाय करणार?” असं म्हणून तिनं ती मुलीच्या तोंडाला सुरू केली. वाडीतल्या निम्म्या बायका लावतात, हेही तिनं अभिमानानं सांगितलं.

मी ट्यूब वाचली. बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोल. हे एक जबर स्टेरॉइड. ते खाज दाबतं, लाली दाबतं, वर कातडीचा रंगही दाबतं, म्हणून फिकटपणा येतो. आणि रोज लावत राहिलं की कातडी झिजत जाते, आतल्या शिरा दिसायला लागतात, लव फुटते. तुळसाताईला हे मी सांगायची गरज नव्हती. अशीच एक ट्यूब तिनं मागे स्वतःच्या हातावर अख्खा एक पावसाळा लावून पाहिली होती. मनगटाजवळचा पांढुरका गोल तिनं रंगूपुढे धरला.

“बघ, किती गोरा झालाय. आवडला?” तिनं बांगडी जरा मागे ओढली. तिथली साल निघालेली होती. “आता बांगडी घासली तरी सोलतो. पोरीचं तोंड सोलवायचं हाय का तुला?”

“लगीन होईस्तवर लावू दे की,” रंगू म्हणाली. “मग सोडू.”

तुळसाताईनं तिच्या हातातून ट्यूब हिसकावली, झाकण काढलं, सगळी गटारात पिळली आणि टोपणासकट फेकून दिली. “आजपास्नं बंद,” ती पूनमला म्हणाली. पूनमनं मान डोलावली. रंगू पायरीवरून शिव्या देत उतरली.

तुळसाताई तिथेच थांबली असती तर ती तुळसाताई कसली? तशीच हात न पुसता मेडिकलवाल्या दत्तात्रेयकडे गेली. मीही गेले, कारण मलाही दोन शब्द सुनवायचे होते. दत्तात्रेय शांतपणे पाकिटं लावत होता. म्हणाला, “बायका येतात, हीच द्या म्हणून मागतात. मी काय घरी जाऊन त्यांच्या तोंडाला चोळतो?”

“चिठ्ठीबिगर देतोस कशाला?” तुळसाताई म्हणाली.

“मी नाही दिली तर माणगावहून आणतील.”

असं उत्तर देणाऱ्या माणसाचा मला मनापासून संताप येतो. विषाची बाटली विकणारादेखील हेच म्हणू शकेल. तुळसाताई तिथे जे बोलली ते अख्ख्या बाजारानं ऐकलं. दत्तात्रेयनं मात्र शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पूनमचं तोंड पेटलं. हा शब्द तिचाच. गाल सुजले, लालभडक झाले, पुटकुळ्यांवर पुटकुळ्या. डोळ्यांखाली कातडी ताणली गेली होती. रंगू तिला ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि दारातूनच ओरडायला लागली, “लावत व्हती तवा बरी व्हती! तूच बंद करायला लावलीस! सोयरीक मोडली तर काय तुजा हात चाटू?” तिच्या पिशवीत नवी ट्यूब होती. दत्तात्रेयकडूनच आणलेली. ती पूनमच्या तोंडाला लावायला लागली तेव्हा पूनमनं पहिल्यांदा आईचा हात धरला.

“नको आई. परत लावली की परत असंच होईल.”

तुळसाताई उलटून ओरडली नाही, ओढणी बाजूला करून पूनमचे गाल बघायला लागली. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं पार्लर बंद ठेवलं आणि आम्ही पूनमला आणि रंगूला माणगावला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी भिंग लावून चेहरा बघितला आणि विचारलं, “एकदम बंद करायला कुणी सांगितलं?”

“मी,” तुळसाताई म्हणाली.

“इतके महिने लावलेलं जबर स्टेरॉइड एका दिवसात सोडलं की कातडी अशीच उसळते. ट्यूब वाईट हे तुम्हाला कळलं, ते बरोबर होतं. पण ती सोडवायची कशी हे ठरवणं तुमचं काम नाही. आमच्याकडे पाठवायचं. आम्ही हळूहळू सोडवतो.”

बाई चांगल्या कडक बोलल्या. तुळसाताईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. बाईंनी पूनमला सौम्य औषध लिहून दिलं, ते कमी कमी कसं करत जायचं ते समजावलं, बिनवासाची साधी क्रीम दिली, उन्हात जाताना लावायची क्रीम दिली. लिंबू नाही, ब्लीच नाही, फेसपॅक नाही, आणि बरं होईपर्यंत चेहऱ्याला हळदसुद्धा नाही. हे शेवटचं ऐकून रंगूनं कपाळावर हात मारला. परत येताना गाडीत तुळसाताई एकदाच बोलली. “राग माजा व्हता, न् तोंड तिचं भाजलं.”

वैशाखात लग्न. तोवर पूनमची सूज उतरली होती, पुटकुळ्या बऱ्याच सुकल्या होत्या, पण गालांवर लाली होतीच आणि साखरपुड्याच्या फोटोतली ती उजळ पोरगी राहिली नव्हती. होती ती आपल्या मूळच्या सावळ्या रंगाची आणि गालांवर भाजल्यासारखी. रंगूला झोप लागत नव्हती. तिकडच्या लोकांनी बघितलं आणि मोडलं तर? येसाजी घरात येईना, मांडवाच्या बांबूंशीच खुडबुडत बसे. मुलीचं तोंड सुधारलंय का बिघडलंय हे विचारायला कुणी आलं की मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं. पोरगी पदवीधर आहे, घरकाम जाणते, हिशेब चोख करते. आणि अख्खी वाडी जमून बघते काय, तर गाल.

हळदीच्या दिवशी तुळसाताई सकाळपासून पूनमपाशी बसली होती. बायकांनी हळद आणली की ती म्हणायची, “हाताला लावा, पायाला लावा. तोंडाला न्हाय, डॉक्टरनी सांगितलंय.” बायका तोंडं वाकडी करायच्या. तोंडाला हळद न लागलेली नवरी कुणी बघितलीय का, एक म्हातारी पुन्हा पुन्हा विचारत होती. तुळसाताईनं तिला सांगितलं, “आता बघितलीस ना? मग झालं तर.”

ऊन कलल्यावर नवऱ्याकडून उष्टी हळद आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद त्याच्याकडच्या बायकांनी नवरीला आणून लावायची. ही करवली आणते, सासू येत नाही. पण गाडीतून करवलीच्या आधी गणराजची आई मनुबाई उतरली. तिच्या कानावर काहीतरी गेलं होतं हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. रंगू जागच्या जागी थिजली.

मनुबाई सरळ पूनमपुढे आली. वाकून तिचा चेहरा बघितला.

“साखरपुड्यात अशी न्हवती,” ती म्हणाली.

मनुबाईनं करवलीच्या हातातलं ताट घेतलं. त्यात हळदीची वाटी होती, साडी होती, बांगड्या होत्या आणि बांगड्यांच्या शेजारी एक ट्यूब होती. तीच. ती तिनं पूनमच्या मांडीवर ठेवली.

“उन्हानं झालं असंल. ही लाव रोज. आमच्या घरात आमी समद्या हीच लावताव. घरातली सून उजळ दिसाया पायजे.”

माझं रक्त उसळलं. शेजारी तुळसाताई उठून उभी राहिली होती, डाव्या हाताची मूठ आवळलेली. आता ही बाईच्या तोंडावर काहीतरी फेकणार, लग्न मोडणार, आणि मी तिला अडवणारही नाही, असं मला वाटलं. पण त्याआधी पूनम बोलली. ट्यूब हातात धरून ती सासूच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून बघत होती. पावडरीचा थर होता, पण घामानं कडेकडेनं उतरला होता, आणि त्याखाली गालांवर लाल शिरांचे दोरे होते. जबड्याला लव होती.

“आई,” पूनमनं हळूच विचारलं, “तुमच्या तोंडाची आग होते का?”

मनुबाईचा हात आपोआप गालाकडे गेला. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तो खाली घेतला. इकडे तिकडे बघितलं. सगळ्या बायका बघत होत्या.

“उन्हात जाववत न्हाय,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “चुलीम्होरं बसवत न्हाय. कितीक वर्सं झाली. बंद केली की तोंड पेटतं, म्हनून लावताव.”

तुळसाताईची मूठ सुटली. तिनं पूनमच्या हातातून ट्यूब घेतली. मला वाटलं, गेली गटारात. तिनं टोपण घट्ट बसवलं आणि ट्यूब मनुबाईच्या हातात परत दिली.

“एकदम बंद करू नका,” ती म्हणाली. तिचा आवाज अजून रागानं कापत होता, पण तो राग ह्या बाईवरचा नव्हता. “मी केली व्हती हिची एकदम बंद, चुकलं माजं. लगीन होऊ दे. मग माज्यासंगं माणगावला चला. बाई ओरडते, पण औषध बरं देते.”

मनुबाईनं ट्यूब कनवटीला खोचली, हळदीची वाटी उचलली आणि खाली बसली. पूनमच्या पावलांना हळद लावली, मग हातांना. मागून ती म्हातारी पुटपुटली, “आन् तोंडाला?”

“तोंडाला न्हाय,” मनुबाई म्हणाली.

तोवर आमच्याकडच्या पोरी विहिणीला हळद फासायला पुढे सरसावल्या होत्या. अशा वेळी विहिणीचे गाल कोण सोडतं? दोघींनी ओंजळी भरून घेतल्या होत्या. मनुबाईनं त्यांची मनगटं धरली. पहिल्यांदा नुसती मान हलवली. पोरी हसत होत्या, त्यांना वाटलं ती लाजतेय.

“न्हाय गो,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “आग व्हते.”